खतावणीला प्रश्न कसे विचारायचे? छोट्या व्यवसायासाठी एसक्यूएलची ओळख

सोयाबीन बाजारात यायला लागलं की चिखली, मेहकर, खामगावकडच्या कृषी सेवा केंद्रांमध्ये एक काम हमखास निघतं: उधारीची यादी. जून-जुलैत बियाणं, खत आणि औषध उधारीवर गेलेलं असतं. पैसे यायचे असतात दिवाळीच्या आसपास, शेतकऱ्याचा माल विकल्यावर. मग दुकानदाराला अगदी साधे प्रश्न पडतात. कुणाकडे किती बाकी आहे? कोणत्या गावात पैसा जास्त अडकलाय? गेल्या वर्षी आपल्याकडून बियाणं नेणारे, पण यंदा न फिरकलेले शेतकरी कोण?

उत्तरं बिलांमध्ये असतातच. बऱ्याच दुकानांत ही बिलं आता टॅलीत किंवा एक्सेलमध्येही असतात. तरी यादी काढायला दोन माणसं दोन-तीन दिवस बसतात. त्यात चूक झाली, तर पैसे भरून मोकळ्या झालेल्या माणसाच्या दारात वसुलीला जायची वेळ येते. गावात तो माणूस पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही.

असे प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा गेली पन्नास वर्षं वापरात आहे. तिचं नाव एसक्यूएल. बँका, रेल्वेचं आरक्षण, मोबाईल कंपन्यांची बिलं अशा सगळ्यामागे ती असते, म्हणून ती फक्त इंजिनिअर मंडळींची वाटते. प्रत्यक्षात दुकानाचे बहुतेक प्रश्न तिच्या सात-आठ शब्दांत बसतात. अवघड जातं ते वेगळंच, आणि ते पुढे येईल.

एसक्यूएल म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव 'स्ट्रक्चर्ड क्वेरी लँग्वेज'. तक्त्यांमध्ये ठेवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा. प्रश्नाला 'क्वेरी' म्हणतात.

१९७० मध्ये आयबीएम कंपनीतले संशोधक एडगर कॉड यांनी एक निबंध लिहिला. तोपर्यंत कॉम्प्युटरमधून माहिती काढायची तर ती आत कुठे, कोणत्या क्रमानं साठवली आहे हे प्रोग्रामरला माहीत असावं लागायचं. कॉड यांचं म्हणणं होतं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि माणसानं 'काय हवंय' एवढंच सांगावं. कसं शोधायचं ते यंत्र बघेल. या कल्पनेवर आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये भाषा मांडली. तिचं पहिलं नाव 'सीक्वेल' होतं. ते नाव दुसऱ्या कंपनीच्या ट्रेडमार्कमध्ये अडकत असल्यामुळे 'एसक्यूएल' झालं. आजही अनेक जण उच्चार 'सीक्वेल' असाच करतात. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचं मानक ठरलं. त्यामुळे एका सॉफ्टवेअरवर शिकलेली एसक्यूएल थोड्याफार फरकानं दुसरीकडेही चालते.

शिकण्यासाठी सगळ्यात सोयीचं सॉफ्टवेअर म्हणजे एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये ते आणलं. ते फुकट आहे, इंटरनेट लागत नाही आणि सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही ते आधीपासून आहे. कॉम्प्युटरवर ते हाताळायला 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' हा मोफत प्रोग्राम पुरतो.

आणखी एक खुलासा. एसक्यूएलच्या आज्ञा कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागतात, आकडेही इंग्रजीच. या लेखात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. तक्त्यांची आणि रकान्यांची नावं मात्र एसक्यूलाइटमध्ये खरोखर मराठीत ठेवता येतात.

आधी तक्ते

उदाहरणासाठी एक काल्पनिक कृषी सेवा केंद्र घेऊ. त्याची माहिती तीन तक्त्यांत आहे.

'ग्राहक' या तक्त्यात प्रत्येक शेतकऱ्याची एक ओळ: ग्राहक_क्र, नाव, गाव, तालुका. 'विक्री' या तक्त्यात बिलातल्या प्रत्येक मालाची एक ओळ: बिल_क्र, तारीख, ग्राहक_क्र, माल, नग, रक्कम, प्रकार. प्रकार म्हणजे रोख किंवा उधार. 'वसुली' या तक्त्यात जमा झालेल्या पैशांची एक ओळ: पावती_क्र, तारीख, ग्राहक_क्र, रक्कम.

विक्रीत शेतकऱ्याचं नाव नाही, फक्त क्रमांक आहे. हे मुद्दाम. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन शेतकरी सहज निघतात. खतावणीत आपण जसं प्रत्येकाला पान क्रमांक देतो, तसाच हा क्रमांक.

गेल्या वर्षीची थकलेली रक्कम असेल तर ती 'मागील बाकी' अशी विक्रीतच एक उधारीची ओळ म्हणून टाकायची. बियाण्याच्या न फोडलेल्या बॅगा परत आल्या तर उणे रकमेची ओळ. हे राहिलं, तर पुढची कुठलीही क्वेरी कितीही बरोबर लिहिली तरी आकडा चुकणार.

पहिला प्रश्न: पेरणीच्या दिवसांत उधारीवर काय गेलं?

सिलेक्ट तारीख, माल, रक्कम
फ्रॉम विक्री
व्हेअर प्रकार = 'उधार'
अँड तारीख बिटवीन '२०२५-०६-०१' अँड '२०२५-०७-३१'
ऑर्डर बाय तारीख;

सिलेक्ट म्हणजे कोणते रकाने दाखवायचे. फ्रॉम म्हणजे कोणत्या तक्त्यातून. व्हेअर म्हणजे अट. ऑर्डर बाय म्हणजे कशाच्या क्रमानं लावायचं. शेवटी अर्धविराम. मराठीत जसं 'विक्रीतून उधारीच्या ओळी काढ आणि तारखेनं लाव' म्हणू, तेच.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली आहे ते बघा. एसक्यूलाइट तारखेला साधा मजकूर समजतं आणि डावीकडून तुलना करत जातं. आपल्या सवयीप्रमाणे '०५/११/२०२५' असं लिहिलं, तर नोव्हेंबरची ही तारीख '१२/०६/२०२५' या जूनमधल्या तारखेच्या आधी लागते, कारण ०५ हे १२ पेक्षा लहान. क्वेरी कुठलीही चूक दाखवत नाही. ती फक्त चुकीच्या ओळी देते.

एसक्यूएलबद्दल लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे. तुम्ही विचारलं त्याचं ती तंतोतंत उत्तर देते. तुमच्या मनात काय होतं हे तिला कळत नाही.

बेरीज शून्य का येते?

मराठीत कारभार ठेवणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो. रकमेच्या रकान्यात देवनागरी आकडे टाइप केलेले असतील, तर एसक्यूलाइट त्यांना आकडे मानतच नाही. 'सम' ही बेरजेची आज्ञा दिली की सगळ्या रकान्याची बेरीज शून्य येते. शून्य दिसलं तर निदान शंका तरी येते. त्याहून वाईट म्हणजे स्वल्पविराम. एक लाख वीस हजार ही रक्कम आपल्या पद्धतीनं १,२०,००० अशी मजकूर म्हणून आत गेली, तर सॉफ्टवेअर पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच वाचतं आणि ती रक्कम एक रुपया धरतं. बेरीज येते, पण भलतीच.

म्हणून एक्सेलमधून माहिती आणण्याआधी रकमेच्या रकान्यातले स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह आणि '/-' काढून टाकायचं आणि आकडे इंग्रजी करायचे. नावं आणि गावं मराठीत राहू द्या, त्याला अडचण नाही. फक्त ती युनिकोडमध्ये हवीत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं 'मेहकर' पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. ते शोधून सापडत नाही.

दुसरा प्रश्न: सगळ्यात जास्त काय विकलं गेलं?

सिलेक्ट माल, सम(नग), सम(रक्कम)
फ्रॉम विक्री
ग्रुप बाय माल
ऑर्डर बाय सम(रक्कम) डेस्क
लिमिट १०;

ग्रुप बाय म्हणजे ढीग लावणं. एका मालाच्या सगळ्या ओळी एका ढिगात, मग प्रत्येक ढिगाची बेरीज. डेस्क म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे. लिमिट १० म्हणजे वरच्या दहाच ओळी.

महिन्याप्रमाणे बघायचं असेल तर 'माल' ऐवजी तारखेची पहिली सात अक्षरं घ्यायची. त्यासाठी सबस्ट्र(तारीख, १, ७) असं लिहितात आणि '२०२५-०६' असे ढीग लागतात. मागणी कधी उसळते ते यातून दिसतं. सोयाबीनच्या बियाण्यात याला महत्त्व आहे, कारण त्याची उगवणशक्ती लवकर घटते आणि उरलेला साठा पुढच्या हंगामाला भरवशाचा राहत नाही. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीकडे अख्ख्या जिल्ह्याचे कान लागलेले असतात, पाऊस कसा, कोणतं पीक साधेल म्हणून. येणाऱ्या हंगामाचं कुणी काही म्हणो, गेल्या तीन हंगामांत आपल्या दुकानातून कोणत्या आठवड्यात काय गेलं, हे मात्र आपल्याच बिलांत लिहिलेलं आहे.

तिसरा प्रश्न: कोणत्या गावात उधारी जास्त?

गाव 'ग्राहक' तक्त्यात आहे आणि रक्कम 'विक्री'त. म्हणून दोन्ही जोडावे लागतात. जोडण्याच्या आज्ञेला जॉइन म्हणतात.

सिलेक्ट ग्राहक.गाव, सम(विक्री.रक्कम)
फ्रॉम विक्री
जॉइन ग्राहक ऑन विक्री.ग्राहक_क्र = ग्राहक.ग्राहक_क्र
व्हेअर विक्री.प्रकार = 'उधार'
ग्रुप बाय ग्राहक.गाव
हॅविंग सम(विक्री.रक्कम) > ५००००;

व्हेअर आणि हॅविंग या दोन्ही अटीच. फरक इतकाच की व्हेअर ढीग लावण्याआधी एकेका ओळीला लागू होतं आणि हॅविंग ढीग लागल्यावर ढिगाला. इथे पन्नास हजारांवर उधारी असलेली गावंच दिसतील.

आता गंमत सुरू होते. आपल्या जिल्ह्याचं नाव कुणी 'बुलढाणा' लिहितं, कुणी 'बुलडाणा'. इथेच १९८६ मध्ये सुरू झालेली आणि आता राज्याबाहेरही पसरलेली पतसंस्था 'बुलडाणा अर्बन' आहे. माणसाला दोन्ही एकच. एसक्यूएलला ही दोन वेगळी ठिकाणं वाटतात आणि ती दोन ढीग लावते. 'सिंदखेड राजा' आणि 'सिंदखेडराजा' यांचंही तेच. नावाच्या शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागा पुरते. एका गावाची उधारी दोन-तीन ठिकाणी वाटली गेली की त्यातला एकही ढीग पन्नास हजारांवर जात नाही, आणि सगळ्यात अडचणीतलं गाव यादीतून गायब होतं.

उलटी चूकही होते. काउंटरवर घाईत नुसतं 'देऊळगाव' लिहिलं तर ते देऊळगाव राजा की देऊळगाव मही? 'जळगाव' म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं जळगाव जामोद की शेजारच्या खानदेशातलं जळगाव? इथे दोन गावं एका ढिगात जातात.

कोणती लिखाणं पडली आहेत हे बघायला ही छोटी क्वेरी सगळ्यात आधी चालवावी:

सिलेक्ट गाव, काउंट(*)
फ्रॉम ग्राहक
ग्रुप बाय गाव
ऑर्डर बाय गाव;

एकाखाली एक गावं दिसली की डोळ्यांनाच चुका कळतात. कायमचा उपाय म्हणजे गावांची वेगळी यादी आणि प्रत्येकाला क्रमांक. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सहा अंकी क्रमांक दिलेला आहे, तोच वापरला तर नवा शोधावा लागत नाही.

चौथा प्रश्न: कुणाकडे किती बाकी?

हा खरा प्रश्न. इथेच नवशिक्याचा आकडा सगळ्यात जास्त फसतो, म्हणून जरा थांबून बघू.

पहिल्यांदा सुचतं ते असं: ग्राहक, विक्री आणि वसुली हे तिन्ही तक्ते एकदम जोडायचे, विक्रीच्या बेरजेतून वसुलीची बेरीज वजा करायची. वाचायला बरोबर वाटतं.

आता एक शेतकरी घ्या. त्याच्या नावावर उधारीच्या दोन ओळी आहेत: १२,००० आणि ८,०००. एकूण २०,०००. त्यानं तीन वेळा पैसे भरले: ५,०००, ३,००० आणि २,०००. एकूण १०,०००. बाकी १०,००० हे तोंडीही सांगता येतं.

तिन्ही तक्ते एकदम जोडले की काय होतं? जॉइन उधारीच्या प्रत्येक ओळीशी वसुलीची प्रत्येक ओळ जुळवतं. दोन गुणिले तीन, सहा ओळी. १२,००० तीनदा येतात, ८,००० तीनदा येतात, म्हणजे उधारी झाली ६०,०००. वसुलीची प्रत्येक पावती दोनदा येते, म्हणजे जमा झाले २०,०००. क्वेरी सांगते: बाकी ४०,०००.

दहा हजारांचे चाळीस हजार. आणि ज्यानं हप्त्याहप्त्यानं, जमेल तसे पैसे आणून दिले त्याच्याच नावावर आकडा जास्त फुगतो, कारण त्याच्या पावत्या जास्त. एकरकमी उधारी घेऊन एकदाच पैसे भरणाऱ्याचा आकडा बरोबर येतो. म्हणून दोन-चार नावं तपासली आणि ती नेमकी अशीच निघाली, तर चूक लक्षातही येत नाही.

बरोबर रीत अशी की आधी दोन्हीकडची बेरीज वेगवेगळी करायची, प्रत्येक ग्राहकाची एकच ओळ होऊ द्यायची आणि मग जोडायचं:

विथ उधार_बेरीज अ‍ॅज (
सिलेक्ट ग्राहक_क्र, सम(रक्कम) अ‍ॅज एकूण
फ्रॉम विक्री
व्हेअर प्रकार = 'उधार'
ग्रुप बाय ग्राहक_क्र
),
जमा_बेरीज अ‍ॅज (
सिलेक्ट ग्राहक_क्र, सम(रक्कम) अ‍ॅज एकूण
फ्रॉम वसुली
ग्रुप बाय ग्राहक_क्र
)
सिलेक्ट ग्राहक.नाव, ग्राहक.गाव,
उधार_बेरीज.एकूण - कोअलेस(जमा_बेरीज.एकूण, ०) अ‍ॅज बाकी
फ्रॉम उधार_बेरीज
जॉइन ग्राहक ऑन ग्राहक.ग्राहक_क्र = उधार_बेरीज.ग्राहक_क्र
लेफ्ट जॉइन जमा_बेरीज ऑन जमा_बेरीज.ग्राहक_क्र = उधार_बेरीज.ग्राहक_क्र
ऑर्डर बाय बाकी डेस्क;

लांबलचक दिसते, पण विथच्या आतले दोन तुकडे म्हणजे दोन कच्चे कागद आहेत. एकावर प्रत्येकाची उधारी, दुसऱ्यावर प्रत्येकाची जमा. खाली दोन्ही कागद शेजारी ठेवून वजाबाकी.

यातले दोन शब्द सोडून चालत नाही. साधं जॉइन दोन्हीकडे सापडलेल्याच माणसांना ठेवतं. ज्यानं एक रुपयाही भरलेला नाही तो वसुलीच्या तक्त्यात नाहीच, म्हणजे तो यादीतून उडतो. बाकीच्या यादीतून नेमका पूर्ण थकबाकीदारच उडावा! म्हणून लेफ्ट जॉइन: डावीकडचे सगळे ठेव, उजवीकडे सापडलं नाही तर जागा रिकामी सोड.

या रिकाम्या जागेला एसक्यूएलमध्ये 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. आणि २०,००० वजा 'माहीत नाही' याचं उत्तरही 'माहीत नाही' असंच येतं. कोअलेस(…, ०) हा शब्द सांगतो की जागा रिकामी असेल तर शून्य धर. तो विसरलात तर एसक्यूलाइटमध्ये एकही पैसा न भरलेले लोक बाकीच्या रकान्यात रिकामे दिसतात आणि मोठ्याकडून लहानाकडे लावल्यावर थेट तळाला जातात.

पाचवा प्रश्न: गेल्या वर्षीचे कोण आले नाहीत?

हा सोपा आहे.

सिलेक्ट ग्राहक_क्र फ्रॉम विक्री
व्हेअर तारीख बिटवीन '२०२४-०६-०१' अँड '२०२४-०७-३१'
एक्सेप्ट
सिलेक्ट ग्राहक_क्र फ्रॉम विक्री
व्हेअर तारीख बिटवीन '२०२५-०६-०१' अँड '२०२५-०७-३१';

पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीतली नावं वजा. उरलेल्यांना फोन करण्याआधी एकदा त्यांची बाकीही बघून घ्या. उधारी थकल्यामुळे तोंड चुकवणारा आणि शेजारच्या दुकानात गेलेला, दोघंही या यादीत सारखेच दिसतात.

दुकानाबाहेर: बाजारभावाला प्रश्न

हीच भाषा शेतकऱ्यालाही कामाची आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजार समित्यांची रोजची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर मिळतात. ते एका तक्त्यात भरले की विचारता येतं: यंदाच्या हंगामात किती दिवस सोयाबीनचा सर्वसाधारण दर हमीभावाखाली होता? २०२४-२५ साठी केंद्राचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८.

सिलेक्ट बाजार_समिती, काउंट(डिस्टिंक्ट तारीख)
फ्रॉम बाजारभाव
व्हेअर माल = 'सोयाबीन'
अँड सर्वसाधारण_दर < ५३२८
अँड तारीख बिटवीन '२०२५-१०-०१' अँड '२०२५-१२-३१'
ग्रुप बाय बाजार_समिती;

डिस्टिंक्ट का? एकाच दिवशी 'लोकल' आणि 'पिवळा' अशा दोन प्रतींच्या दोन ओळी असू शकतात. नुसतं काउंट केलं तर एक दिवस दोनदा मोजला जाईल.

सरासरी भाव काढतानाही असाच खड्डा आहे. समजा एका दिवशी १०० क्विंटल आवक आणि दर ४,६००, दुसऱ्या दिवशी ९०० क्विंटल आणि दर ४,२००. 'अ‍ॅव्हरेज' विचारलं तर उत्तर येतं ४,४००. पण ९०० क्विंटल ४,२०० नंच गेलंय. खरी सरासरी सम(आवक * दर) / सम(आवक) अशी काढावी लागते आणि ती येते ४,२४०. आवक जास्त त्या दिवशी भाव पडलेला, हे बाजारात नेहमीचंच, त्यामुळे साधी सरासरी शेतकऱ्याच्या हातात पडलेल्या पैशापेक्षा चांगलं चित्र दाखवते. मी पहिल्यांदा बाजारभावावर लिहायला घेतलं तेव्हा साधी सरासरीच काढून बसले होते. आवक धरली का, असं एका अडत्यानं विचारलं तेव्हा ट्यूब पेटली.

एआय आहे की, मग शिकायचं कशाला?

आता चॅटबॉटला मराठीत प्रश्न टाकला तरी तो क्वेरी लिहून देतो. जरूर वापरा, टाइप करण्याचे कष्ट वाचतात. पण तुमच्या वहीत 'जळगाव' म्हणजे कोणतं, मागील बाकी कुठे लिहिली आहे, परत आलेल्या बॅगांची नोंद कशी होते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि तिन्ही तक्ते एकदम जोडलेली क्वेरी त्यानं दिली, तर ती ओळखायला वरचं चाळीस हजारांचं उदाहरण डोक्यात असावं लागतं. शेतकऱ्यांची नावं, फोन नंबर आणि थकबाकी असलेली फाइल मात्र कुठल्याही वेबसाइटवर चढवू नका. ही लोकांची खासगी माहिती आहे आणि ती जपण्याबद्दल २०२३ मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा झालेला आहे. चॅटबॉटला फक्त तक्त्यांची आणि रकान्यांची नावं सांगितली तरी पुरतं.

सुरुवात कशी करायची?

एक्सेलची फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात सेव्ह करा. नुसतं सीएसव्ही निवडलं तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. मग डीबी ब्राउझरमध्ये नवा डेटाबेस उघडून फाइल इम्पोर्ट करा. मूळ फाइलला हात लावू नका, नेहमी प्रतीवर काम करा. सिलेक्टनं सुरू होणाऱ्या क्वेरी माहिती फक्त दाखवतात, बदलत नाहीत, त्यामुळे त्या बिनधास्त चालवून बघा. अपडेट आणि डिलीट या आज्ञांपासून पहिले काही महिने लांब राहा. डिलीटसोबत व्हेअर लिहायचं राहिलं तर अख्खा तक्ता रिकामा होतो.

बाकीची यादी पहिल्यांदा निघाली की लगेच कुणाला फोन लावू नका. आधी दहा नावं निवडा: चार हप्त्याहप्त्यानं पैसे भरणारे, तीन एकही रुपया न भरलेले, दोन ज्यांचा माल परत आला होता ते, आणि एक ज्याचा हिशोब तुम्हाला तोंडपाठ आहे तो. या दहांची बाकी कागदावर पेन्सिलनं काढा आणि क्वेरीच्या आकड्यांशी ताडून बघा. एकाचाही मेळ बसला नाही, तर यादी बाजूला ठेवून आधी जॉइन तपासा.